बरणीभर साका

लीड्समध्ये आमच्या घरापासून वीस मिनिटं चालत गेलं की एक लहान ब्रूअरी लागते. महिन्यातून एकदा, सकाळच्या वेळी, मी तिथे निर्जंतुक केलेली काचेची बरणी घेऊन जाते. ब्रूअर टाकीच्या निमुळत्या तळाशी बसून झडप उघडतो. आधी हॉप्सचा चुरा आणि मेलेल्या पेशी असलेला तपकिरी, कडू गाळ येतो. तो बादलीत जातो. मग सायीच्या रंगाचा, घट्ट, गुळगुळीत साका येऊ लागतो. तो माझ्या बरणीत. झाकण सैलच ठेवायचं, कारण आतलं यीस्ट अजून वायू सोडत असतं आणि घट्ट लावलेली बरणी वाटेत फुटू शकते. पैसे तो घेत नाही. पुढच्या खेपेला मी माझ्या बिअरच्या दोन बाटल्या नेते; तो चाखतो आणि कुठे चुकलं ते सांगतो.

गेली नऊ वर्षं मी घरी बिअर करते. ब्रिटनमध्ये त्यासाठी १९६३पासून परवाना लागत नाही. या नऊ वर्षांत माल्ट, हॉप्स आणि पाणी यांचा मी जेवढा विचार केला, त्याहून जास्त या बरणीचा केला आहे, आणि माझं मत आता पक्कं झालं आहे. प्रत्येक लहान ब्रूअरीनं आपलं उरलेलं यीस्ट मागणाऱ्याला द्यावं. घरी बिअर करणाऱ्यानंही दुकानात सुबक पाकीट मिळत असताना आधी शेजारच्या ब्रूअरीचं दार वाजवावं. यात काटकसर आहेच, पण मला काटकसरीबद्दल बोलायचं नाही. यीस्ट नावाचा जीव आज जसा आहे, तसा तो या देण्याघेण्यातून घडला आहे. ते थांबलं तर आपण यीस्टलाही मुकतो आणि त्याच्याबद्दलच्या जाणतेपणालाही.

ताजं म्हणजे किती ताजं, ते आधी हिशेबानं सांगते. एल जातीच्या बिअरसाठी सर्वमान्य ठोकताळा असा आहे की माल्टच्या गोड रसाच्या प्रत्येक मिलीलिटरला, साखरेच्या प्रत्येक प्लेटो अंशामागे साडेसात लाख जिवंत पेशी हव्यात. माझं भांडं वीस लिटरचं, रस बारा अंशांचा. म्हणजे १८ हजार कोटी पेशी. लागर करायची तर याच्या दुप्पट, कारण ती थंडीत आंबते. द्रव यीस्टच्या एका नेहमीच्या पाकिटात, ते भरलं त्या दिवशी, साधारण १० हजार कोटी पेशी असतात. फ्रिजमध्ये नीट ठेवलं तरी महिन्याला त्यातल्या पंचमांश जातात असं धरून चालतात. तीन महिन्यांचं पाकीट हाती आलं तर निम्मंच उरलेलं असतं. मग त्याला आधी पातळ माल्टच्या पाण्यात, लिटरला शंभर ग्रॅम अर्क घालून, एक-दोन दिवस वाढवावं लागतं. याला स्टार्टर म्हणतात. उलट ब्रूअरीच्या टाकीतून निघालेल्या घट्ट साक्यात मिलीलिटरला शंभर ते दोनशे कोटी पेशी असतात. माझ्या वीस लिटरला लोणच्याच्या लहान बरणीत मावेल एवढा साका पुरतो.

हे आकडे गौण वाटतील, पण जुन्या यीस्टचं दुखणं नुसतं संख्येचं नसतं. साठवणीत पेशी स्वतःच्या पोटातलं ग्लायकोजेन खाऊन जगते. ते संपत आलं की ती दुबळी होते, आणि दुबळी पेशी कामाला लागली तरी काम अर्धवट सोडते. बिअरमध्ये कच्च्या सफरचंदाचा वास राहतो, लोण्याचा राहतो, न आंबलेली साखर जिभेवर रेंगाळते. मेलेल्या पेशी फुटतात आणि त्यांच्या आतलं सगळं बिअरमध्ये उतरतं. माझी दुसरीच लागर अशी गेली. भर उन्हाळ्यात एका दुकानातून मागवलेलं यीस्ट तीन दिवस कुरिअरच्या तापलेल्या गाडीत फिरून आलं. घातल्यावर चोवीस तास काही हललं नाही, अठ्ठेचाळीस तासांनीही नाही, आणि यीस्टनं मोकळं ठेवलेलं रान तोवर जिवाणूंनी बळकावलं. वीस लिटर आंबट पाणी मोरीत ओतताना मला वाईट वाटलं ते शेतकऱ्याच्या सातूचं.

कोरड्या यीस्टबद्दल इथे न्यायानं बोललं पाहिजे. आजचं कोरडं यीस्ट उत्तम असतं. ते दोन वर्षं टिकतं, स्टार्टर मागत नाही, उष्ण देशात प्रवास करू शकतं. म्युनिकजवळच्या फ्रायझिंग इथल्या वाइहेनश्टेफानचा प्रसिद्ध लागर वाण आज पुडीत मिळतो आणि जगभरच्या ब्रूअरीज त्यावर विसंबून आहेत. ज्याच्या गावात ब्रूअरीच नाही त्यानं खुशाल पुडी वापरावी. पण सगळे वाण वाळवणं सोसत नाहीत. जे सोसतात तेवढेच विकले जातात, आणि जे विकले जातात तेच सगळीकडे वापरले जातात. मग शेफील्ड, सिअॅटल आणि पुणे इथल्या बिअरमध्ये तोच एक धागा येऊ लागतो. पुडी वाईट नाही. पुडी एकटीच उरली तर वाईट आहे.

लहानपणी सांगलीत आई मला वाटी देऊन शेजारच्या काकूंकडे पाठवायची. ‘काकू, आईनं विरजण मागितलंय.’ दिवेलागणीच्या आत जायचं, कारण दिवा लागल्यावर काकू दही घराबाहेर देत नसत. त्या विरजणाची परतफेड कधी झाली नाही, कुणी तशी अपेक्षाही केली नाही. दोन आठवड्यांनी त्यांचं दही बिघडलं की त्यांची मुलगी वाटी घेऊन आमच्या दारात असायची, आणि तिला मिळायचं ते त्यांच्याच दह्याचं लेकरू. पहिल्यांदा ब्रूअरीच्या दारात बरणी घेऊन उभी राहिले तेव्हा मला ती वाटी आठवली, आणि मागायचा संकोच गेला.

पण विरजणाशी ही तुलना पुढे ताणली की एका ठिकाणी अडते, आणि तिथेच खरा वाद आहे. विरजणात अनेक जिवाणूंचं गोकुळ असतं. आजच्या ब्रूअरीत मात्र बहुधा एकच वाण असतो, एका पेशीपासून वाढवलेला. हा बदल एका माणसानं घडवला: कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतला एमिल क्रिस्टियान हान्सेन. १८८३मध्ये त्यानं एकच पेशी वेगळी काढून तिचं शुद्ध यीस्ट वाढवलं. त्याआधी बिअर बिघडली की दोष पाण्याला, हवेला, नशिबाला दिला जाई. हान्सेननं दाखवलं की चांगल्या यीस्टमध्ये शिरलेलं रानटी यीस्ट बिअरची चव नासवतं. तेव्हापासून हळूहळू यीस्ट ही प्रयोगशाळेतून आणायची गोष्ट झाली. दुसऱ्याच्या टाकीतला साका हा संशयाचा विषय बनला, आणि शुद्धतेच्या नावानं शेजारधर्म मागे पडला.

मला जे सांगायचंय ते कार्ल्सबर्ग ब्रूअरीच्याच इतिहासात आहे. तिचा संस्थापक जे. सी. याकोब्सेन १८४५मध्ये म्युनिकला गेला, श्पाटेन ब्रूअरीच्या गाब्रिएल झेडलमायरकडून लागरचं यीस्ट घेतलं आणि घोडागाडीनं कोपनहेगनला आणलं. वाटेत प्रत्येक थांब्यावर त्यानं त्या डब्यांवर थंड पाणी ओतलं असं सांगतात. ते यीस्ट वाचलं आणि त्यावर कार्ल्सबर्ग उभी राहिली. म्हणजे मुळात ही ब्रूअरी एका प्रतिस्पर्ध्यानं दिलेल्या विरजणावर लागली. अडतीस वर्षांनी हान्सेननं त्यातून शुद्ध वाण काढला तेव्हा याकोब्सेनपुढे तो दडपून ठेवण्याचा मार्ग खुला होता. त्यानं तो मागणाऱ्यांना देऊन टाकला. प्रयोगशाळेच्या नियमांतच त्यानं लिहून ठेवलं होतं की इथे सापडलेली महत्त्वाची कुठलीही गोष्ट गुप्त ठेवली जाणार नाही. शुद्धता आणि उदारता एकाच घरात, एकाच वेळी नांदली. म्हणून ‘शुद्ध यीस्ट हवं तर देणंघेणं बंद करा’ हा युक्तिवाद मला पटत नाही. शुद्धतेला सूक्ष्मदर्शक, काळजी आणि स्वच्छ भांडं लागतं. दाराला कुलूप लागत नाही.

शुद्धतेचा आग्रहही प्रत्येक जागी तितकाच खरा नाही. पश्चिम नॉर्वेतल्या शेतघरांमध्ये पिढ्यान् पिढ्या बिअर होत आली. तिथलं घरगुती यीस्ट क्वाइक या नावानं आज ओळखलं जातं. ते लाकडी कड्यांवर, गवताच्या वळ्यांवर, कापडावर वाळवून ठेवत. कुणाचं यीस्ट आजारी पडलं की तो शेजाऱ्याकडे जाई. बहुतेक क्वाइकमध्ये अनेक वाण एकत्र असतात, आणि तरी बिअर स्वच्छ होते, तीही ३५ ते ४० अंश तापमानात, जिथे बाकीची यीस्टं हाय खातात. लार्श मारिउस गार्शोल यांनी गावोगाव फिरून या यीस्टची आणि ते जपणाऱ्या शेतकऱ्यांच्या पद्धतींची नोंद केली. २०१८मध्ये जनुकीय अभ्यासात दिसलं की क्वाइक हा बिअरच्या यीस्टचा एक स्वतंत्र गट आहे. ही संपत्ती वाचली ती शेजाऱ्यांच्या फडताळांत. एकाचं मेलं तरी दुसऱ्याकडे होतं.

२०१६ साली बेल्जियममधल्या ल्युव्हेन आणि गेन्टच्या संशोधकांनी माणसानं वापरात आणलेल्या १५७ यीस्ट वाणांचे जीनोम वाचले. बिअरचं यीस्ट सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सुमारास माणसाळलं असा त्यांचा अंदाज. वाइनचं यीस्ट वर्षातला थोडाच काळ पिंपात असतं, बाकी द्राक्षांवर, मातीत, किड्यांच्या पोटात. बिअरचं यीस्ट बारा महिने माणसाच्या हातात राहिलं, एका घाण्यातून काढून पुढच्यात घातलं गेलं. परिणाम असा की त्यातल्या बऱ्याच वाणांची लैंगिक प्रजननाची क्षमता गेली आणि रानात तगून राहण्याची ताकदही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ काही सुचलं नाही. हा जीव कुणाच्या तरी हातातून दुसऱ्याच्या हातात गेला नाही तर संपतो. चारशे वर्षांत त्याला कोणा अनामिक बायकांनी, सालदारांनी, मठवासीयांनी, शहरी कारखानदारांनी निवडलं, टाकलं, परत उचललं. नकोसा वास देणारा साका टाकला, फळाचा वास देणारा ठेवला. इंग्लंडात बिअर घरातली होती तोवर हे काम मुख्यतः बायकांचं होतं. एवढ्या हातांनी घडवलेल्या जिवावर आज कुणी एकट्यानं हक्क सांगावा, हे मला नैतिकदृष्ट्या टिकणारं वाटत नाही. त्याच्या जपणुकीचे, वाढवण्याचे, तपासणीचे पैसे जरूर घ्यावेत. ती मेहनत आहे.

ज्यांनी हे देणंघेणं जपलं ते काही भाबडे लोक नव्हते. दक्षिण इंग्लंडमधल्या लुईसच्या हार्वेज ब्रूअरीनं १९५७मध्ये उत्तरेतल्या टॅडकास्टरच्या जॉन स्मिथ्सकडून यीस्ट आणलं आणि तेच पुढे घाण्यामागून घाण्यात चालवत ठेवलं. बेल्जियममध्ये वेस्टव्हलेटेरेनच्या मठातली बिअर जगातल्या सर्वांत नावाजलेल्या बिअरमध्ये गणली जाते, आणि तिचं यीस्ट वेस्टमाल या दुसऱ्या मठातून येतं. एवढं नाव असलेली बिअर दुसऱ्याच्या यीस्टवर चालते आणि तरीही दोघांची बिअर एकसारखी होत नाही. माल्ट, पाणी, तापमान, टाकीचा आकार, हात, सगळं वेगळं असतं.

यावरून व्यापारी गुपिताचा आक्षेप तपासून पाहावा. ब्रूअर म्हणतात, ‘आमच्या यीस्टमध्येच आमची चव आहे, ते कसं देऊ?’ पण ज्या ब्रूअरीची बिअर न गाळता बाटलीत किंवा डब्यात भरली जाते, तिनं आपलं यीस्ट आधीच बाजारात ठेवलेलं असतं. ऑस्ट्रेलियात घरी बिअर करणारे कूपर्स ब्रूअरीच्या बाटलीच्या तळाचा साका वाढवून वापरतात, हे तिथे सर्वांना माहीत आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या हेडी टॉपर या बिअरचं यीस्ट लोकांनी डब्याच्या तळातून असंच वाढवलं. सिएरा नेवाडा या ब्रूअरीचं यीस्ट तर कॅलिफोर्नियातल्या तिच्या गावाच्या, चिकोच्या, नावानं ओळखलं जातं आणि वेगवेगळ्या कंपन्या ते आपापल्या क्रमांकानं विकतात. यातली कुठलीही ब्रूअरी त्यामुळे बुडाली नाही. यीस्ट मिळालं म्हणून कुणी सिएरा नेवाडा होत नाही.

दुसरा आक्षेप खरा आहे आणि तो मी मोडून काढणार नाही. ब्रूअरीचा साका स्वच्छ असेलच असं नाही. त्यात लॅक्टिक जिवाणू असू शकतात, किंवा साखरेच्या लांब साखळ्याही तोडणारं यीस्टचं भावंड असू शकतं. ते बाटलीत गेलं की आंबणं थांबत नाही आणि बाटली फुटू शकते. पूर्ण इलाज नाही, पण खबरदारी जुनी आणि स्वस्त आहे. मेथिलिन ब्लूचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की मेलेल्या पेशी निळ्या दिसतात, जिवंत रंगहीनच राहतात. पाचव्या-सहाव्या पिढीनंतरचा साका मागू नये. फार कडू किंवा फार तीव्र बिअरच्या टाकीतला घेऊ नये, त्या पेशी थकलेल्या असतात. घेतला तो दोन ते चार अंशांवर ठेवून आठवडाभरात वापरावा, जितक्या लवकर तितकं बरं. हे सगळं मला ब्रूअरनं सांगितलं, पाकिटावर छापलेलं नव्हतं. पाकिटावर तारीख असते. त्या टाकीतल्या यीस्टनं या वेळी उशिरा सुरुवात केली होती, म्हणून एक अंश वाढवून घे, हे सांगायला माणूस लागतो.

देणाऱ्याचं यात काय जातं, हेही विचारायला हवं. यीस्ट एका घाण्यात तिप्पट ते पाचपट होतं. पुढच्या घाण्याला त्याचा एक हिस्सा लागतो. बाकीचं डुकरांच्या खाद्यात जातं किंवा गटारात, आणि गटारात गेलं की सांडपाण्याचा भार वाढतो. बर्टन अपॉन ट्रेंटमध्ये १९०२ साली मार्माइटचा कारखाना निघाला तो शेजारच्या ब्रूअरीजच्या उरलेल्या यीस्टवरच. ज्या वस्तूचं काय करायचं हा ब्रूअरीपुढचा रोजचा प्रश्न आहे, त्यातली एक बरणी मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे.

यीस्टच्या पेढ्या यातून वगळता येणार नाहीत. नॉर्विचच्या राष्ट्रीय यीस्ट संग्रहात चार हजारांहून जास्त वाण द्रव नायट्रोजनमध्ये आणि गोठवून वाळवलेल्या कुप्यांत ठेवलेले आहेत. आग लागली, पूर आला, यीस्ट बिघडलं, तर ब्रूअरीला आपला वाण तिथून परत मिळू शकतो. हा विमा आहे, आणि तो प्रत्येकानं उतरवावा. पण कुपीतून निघालेल्या चिमूटभर पेशींपासून टाकीभर यीस्ट वाढवायला आठवडे जातात. पेढी वाण टिकवते. ताजेपणा मात्र चालत्या टाकीतच असतो, आणि चालती टाकी शेजारीच असावी लागते.

ताजेपणाचं हे शेजाराशी असलेलं नातं गोव्यात जुन्या लोकांना समजावून सांगावं लागणार नाही. तिथला पोदेर पूर्वी पाव फुगवायचा तो माडाच्या सुरेनं. रेंदेर माडावरून सूर उतरवणार आणि ती ताजी असतानाच पिठात जाणार. सूर साठवून चालत नाही, ती तासागणिक बदलते. म्हणून भट्टी आणि माड एकमेकांच्या पल्ल्यात असायला लागत. माडावर चढणारे कमी झाले तसं पुडीतलं यीस्ट आलं. पाव अजूनही फुगतो, पण सुरेच्या पावाची ती किंचित आंबट चव ज्यांनी चाखली आहे ते आजही तिची आठवण काढतात. पुडीनं काम केलं, पण पोदेर आणि रेंदेर यांच्यातली रोज सकाळची भेट संपली.

आणि पुणं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, १९४९च्या कायद्यानं ते बंद आहे. म्हणून मी इथे ब्रूअरीजपुरतंच बोलते. देशातल्या पहिल्या मायक्रोब्रूअरीजपैकी एक, डूलाली, २००९मध्ये पुण्यात सुरू झाली. त्यानंतर शहरात आणखी निघाल्या. त्याच पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, आणि त्यात यीस्टही आहेत. एका शहरात चालत्या टाक्या आहेत, सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली हुशार मुलं आहेत, वाण जपणारी संस्था आहे, आणि तरी इथल्या ब्रूअरीज बहुधा समुद्रापलीकडून आलेल्या पुड्या फोडतात. मे महिन्यातल्या पुण्यात द्रव यीस्ट परदेशातून मागवणं परवडणारं नाही, हे मान्य. म्हणूनच यीस्ट तिथे वाढायला हवं जिथे ते लागतं. चार ब्रूअरीजनी मिळून एक वाण निवडावा, तो एका ठिकाणी वाढवावा, एकीच्या टाकीतला तिसऱ्या पिढीचा साका दुसरीनं त्याच दिवशी नेऊन घालावा, सोबत पेशींची मोजणी आणि तपासणीचा कागद द्यावा. मोहाच्या फुलांवर, काजूच्या बोंडांवर, माडीत जी रानटी यीस्टं आहेत त्यांतलं एखादं बिअरलायक निघतं का, हेही कुणीतरी धीरानं तपासावं. क्वाइक गरम हवेत काम करतं, तर कोकणातलं काही करणार नाही असं आधीच का धरून चालायचं?

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीच्या टोकाला राहायला आलेला एक विद्यार्थी विचारत आला, पहिलाच घाणा आहे, यीस्ट कुठून घेऊ. माझ्या फ्रिजमध्ये आदल्याच आठवड्याचा साका होता, बरणीवर तारीख आणि ‘पिढी ३’ लिहिलेलं. त्यातला अर्धा मी त्याच्या बरणीत ओतला, ब्रूअरीचा पत्ता दिला, आणि सकाळी लवकर जा म्हणून सांगितलं. झाकण सैल ठेव, हे दोनदा सांगितलं.